भांग कुठल्या बाजूला? हेरमान स्ट्रुकने छापलेले चेहरे : एक प्रकरण अभ्यास

७ नोव्हेंबर १९१४. पहिलं महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झालेत, थोरला मुलगा सैन्यात भरती झालाय, आणि सिग्मंड फ्रॉईड बर्लिनच्या एका चित्रकाराला आपल्या केसांच्या भांगाबद्दल पत्र लिहितोय.

चित्रकाराने फ्रॉईडच्या चेहऱ्याचे दोन छापे केले होते, एक एचिंग, म्हणजे ॲसिडने खाच पाडलेल्या पत्र्यावरून, आणि एक लिथो, म्हणजे दगडावरून. एचिंग फ्रॉईडला आवडलं, पण ते जरा जास्तच गोंडस झालंय असं त्याचं म्हणणं. आपल्यात जे काही राठ आणि टोकदार आहे ते सगळं या माणसाने गोल, गुळगुळीत करून टाकलं. मग खरी तक्रार. तुम्ही माझा भांग एका बाजूला पाडलाय. तुमच्याच लिथोच्या साक्षीने बघितलं तर मी तो दुसऱ्या बाजूला पाडतो. शिवाय कपाळावरची केसांची रेघ माझी आत वळते, तुम्ही तिला गोलाई दिलीत, ही बहुधा दुरुस्ती असावी.

चित्रकाराचं नाव हेरमान स्ट्रुक. एचिंग शिकायला पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना मी या पत्राची गोष्ट सांगतो, कारण भांग उलटा का पडला हे प्लेटवर हात काळे केल्याशिवाय कळत नाही. आधी ते सांगून टाकतो.

तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर चढवायचा. याला सगळे ग्राउंडच म्हणतात. मेणबत्त्यांचा धूर देऊन थर काळा करायचा, म्हणजे सुईने ओढलेली रेघ तांबूस चमकते. सुई तांब्यात घुसवायची नसते, नुसता थर खरवडायचा असतो. नवा माणूस इथे हमखास जोर लावतो. मग पत्रा नायट्रिक ॲसिडच्या पाण्यात सोडायचा. जिथे तांबं उघडं पडलंय तिथे ॲसिड खायला लागतं, रेघेवर बारीक बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच बाजूला सारायचे. हलकी रेघ हवी असेल तर लवकर बाहेर काढून तेवढा भाग वॉर्निशने झाकायचा आणि बाकीचा पुन्हा आत सोडायचा. शेवटी थर धुवून टाकला की हातात राहतो खाच पडलेला पत्रा. त्यात शाई दाबून भरायची, मलमलीने पुसायचं, मग तळहाताने पुसायचं. वर ओलसर कागद, त्यावर नमदा, आणि प्रेसचं चाक फिरवायचं. कागद एका कोपऱ्याने उचलला की तो किंचित चर्र करत सुटतो आणि चित्र उलटं झालेलं असतं. पत्र्यावर डावीकडे होतं ते कागदावर उजवीकडे.

म्हणजे समोर बसलेल्या माणसाला जसं दिसतं तसं पत्र्यावर उतरवलं, तर छाप्यात त्याचा भांग बदलणारच. लिथोत ही अडचण टाळता येते. खास कागदावर खडूने सरळ काढायचं, तो कागद दगडावर दाबायचा, तिथे चित्र उलटतं, आणि छापताना पुन्हा सरळ होतं. फ्रॉईडचा लिथो बरोबर आला तो बहुधा असाच. एचिंगमध्ये स्ट्रुक विसरला असेल का? मला नाही वाटत. जर्मन भाषेत एचिंगवर ज्या पुस्तकाचा त्या काळी हवाला द्यायचे ते सहा वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलेलं होतं. त्याने ते चालवून घेतलं असावं. बरेच जण घेतात.

पण माझ्या दृष्टीने या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. फ्रॉईड तक्रार करू शकला. त्याच्याकडे छापा आला, त्याने तो निरखला, पत्र लिहिलं, ते पत्र टिकलं, छापूनही आलं. स्ट्रुकने आयुष्यात जे शेकडो चेहरे काढले त्यातल्या फार थोड्यांना हे शक्य होतं. या लेखात मी त्या फरकाचाच पाठपुरावा करणार आहे.

बर्लिनचा हाईम आरोन

स्ट्रुकचा जन्म ६ मार्च १८७६ चा, बर्लिनचा. घर धर्मनिष्ठ ज्यू. तो आयुष्यभर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणारा माणूस राहिला, आणि कलावंत म्हणून आपण वेगळे आहोत असं दाखवायला त्याने धर्म सोडला नाही किंवा धर्म सांभाळायचा म्हणून कलावंतांची संगतही सोडली नाही. त्या काळच्या बर्लिनमध्ये हे दोन्ही एकत्र करणारी माणसं फार नव्हती.

१८९५ ते १९०० तो बर्लिनच्या कला अकादमीत शिकला. एचिंगचे धडे हान्स मेयरकडे गिरवले. १९०० मध्ये हॉलंडला गेला आणि तिथे योझेफ इस्राएल्स या वृद्ध ज्यू चित्रकाराला भेटला. इस्राएल्सचे कोळी, म्हातारे, खिडकीतून येणारा मंद उजेड हे सगळं पुढे स्ट्रुकच्या हातात उतरलेलं दिसतं. रेम्ब्राँटपासून आलेली ही वाट आहे: सगळा उजेड कपाळावर, नाकावर आणि दाढीच्या वरच्या केसांवर, बाकी अंधार. १९०४ मध्ये लंडनच्या एचिंग करणाऱ्या चित्रकारांच्या रॉयल सोसायटीत त्याची निवड झाली, आणि बर्लिन सेसेशन या नव्या चित्रकारांच्या गटातही तो याच सुमारास आला.

चित्रांवर तो आपलं हिब्रू नाव घालायचा, हाईम आरोन बेन डेव्हिड, आणि सोबत सहा कोनांचा तारा. हे नाव पत्र्यावरच कोरायचं तर ते उलटं लिहावं लागतं. गंमत अशी की हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे पत्र्यावर ती डावीकडून उजवीकडे, म्हणजे आपल्या देवनागरीच्या दिशेने, सरकते. फक्त प्रत्येक अक्षर आरशातलं. आपल्या मुलांना पत्र्यावर 'श्र' लिहायला सांगितलं की ती जशी थबकतात तसं होतं. भांग उलटा पडला तर ओळखणारा एखादाच, पण अक्षर उलटं पडलं तर अख्ख्या जमातीला दिसतं.

१९०८ मध्ये पाउल कासिरेर या प्रकाशकाकडून त्याचं 'एचिंगची कला' हे पुस्तक आलं. बरोबर मूळ छापे जोडलेले होते. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. १९२३ मध्ये पाचवी आली. माक्स लीबरमान, लोव्हिस कोरिंथ, लेसर उरी यांना एचिंगच्या वाटेवर मदत करणारा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, आणि हे तिघंही वयाने त्याच्याहून मोठे. लीबरमान तर तब्बल २९ वर्षांनी. तरुणांमध्ये योझेफ बुडको आणि याकोब स्टाइनहार्ट त्याच्याकडे शिकले. हे दोघंही पुढे जेरुसलेमच्या बेझालेल कलाशाळेचे प्रमुख झाले, म्हणजे त्या शाळेतल्या छापचित्रणाचा एक धागा सरळ बर्लिनच्या या माणसाच्या टेबलापर्यंत जातो.

कोरीव प्रतिमा

मुलं इथे नेहमी एक प्रश्न विचारतात, आणि रास्त विचारतात. ज्यूंच्या दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा कोरीव प्रतिमा करायला मनाई करते. मग हा धर्मनिष्ठ माणूस रोज चेहरे कसा कोरत होता?

उत्तर धर्मशास्त्रातच आहे आणि ते कुठल्याही छापचित्रकाराला आवडेल असं आहे. सोळाव्या शतकात योसेफ कारोने लिहिलेला 'शुल्हान आरुख' हा ज्यू आचारांचा प्रमाणग्रंथ. त्यात मनुष्याकृतीबद्दलचा नियम उठावाच्या आकृतीला लागू केलाय, म्हणजे जी पृष्ठभागाच्या वर उभी राहते तिला. आत खोल गेलेली, कापडात विणलेली किंवा भिंतीवर रंगवलेली आकृती चालते. आता एचिंगचा पत्रा बोटाने चाचपून बघा. रेघ वर नाही, आत आहे. स्ट्रुकने या नियमाचा आधार घेऊन कधी काही मांडलं असा माझा दावा नाही. पण मूर्ती आणि खाच यांतला हा फरक ज्या परंपरेने एवढ्या बारकाईने केला, तिच्यातला माणूस खाचेच्या कलेत रमला, हे बघताना मला मजा वाटते.

आणि ज्यू धार्मिक पुस्तकांत चित्रं होतीच. पेसाख या ज्यू सणाच्या रात्री जेवणाच्या टेबलावर वाचायची हगादा ही पोथी तर शतकानुशतकं सचित्र छापली गेली. तिचं एक रूप आपल्या अगदी घरचं आहे. स्ट्रुकच्या जन्माआधी दोन वर्षं, १८७४ मध्ये, पुण्यात एक शिळाछाप हगादा निघाली, हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर एकत्र. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल लोकांसाठी, म्हणजे आपल्याकडचे शनवार तेली. त्याआधी मुंबईतही १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह शिळाछाप हगादा निघालेली होती. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या हगादेवरून घेतलेली चित्रं या परंपरेत चालत आली, पण पुण्याच्या प्रतीत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बाया चक्क लुगड्यात आहेत. नमुना युरोपातला, आणि दगडावर खडू चालवताना हाताला सवय होती ती इथल्या बायकांच्या बसण्याची. ते पान बघताना मला कुठलाही 'ज्यू चेहरा' दिसत नाही. पीठ मळणाऱ्या, आपल्याच वाटाव्यात अशा बायका दिसतात. हे पुढे आठवायचं आहे.

नाव असलेले चेहरे

१९०३ मध्ये स्ट्रुक पॅलेस्टाईनला जाऊन आला. सोबत आडोल्फ फ्रीडमान होता. त्याचा मजकूर आणि स्ट्रुकची चित्रं असं प्रवासाचं पुस्तक १९०४ मध्ये निघालं. १९०३ मध्येच त्याने थिओडोर हर्झलचं एचिंग केलं. हर्झल म्हणजे झायोनिस्ट चळवळीचा, ज्यूंसाठी स्वतःचा देश मागणाऱ्या चळवळीचा, संस्थापक. स्ट्रुक त्याच चळवळीतल्या धार्मिक गटाचा, मिझराहीचा, जर्मनीतला सुरुवातीचा कार्यकर्ता. पुढल्याच वर्षी हर्झल वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला आणि हा चेहरा हजारो घरांत गेला. त्यात हर्झल राजासारखा दिसतो, आणि तसाच दिसावा ही चित्रकाराची इच्छा लपत नाही.

आइन्स्टाईनचाही छापा आहे. अशा व्यक्तिचित्रांवर कधी एका बाजूला स्ट्रुकची पेन्सिलची सही असते आणि दुसऱ्या बाजूला ज्याचं चित्र त्याची. ही दुसरी सही मला महत्त्वाची वाटते. विकणाऱ्याच्या दृष्टीने तिने भाव वाढतो, ते सोडा. 'होय, हा मी' असं त्या माणसाने म्हटल्याची ती नोंद असते. फ्रॉईडचं पत्र ही त्याच नोंदीची खट्याळ आवृत्ती: हा मी आहे, पण पूर्णपणे नाही.

नाव नसलेले चेहरे

१९१४ नंतर स्ट्रुकच्या समोर वेगळी माणसं बसू लागली.

तो चाळिशीला आलेला असताना स्वतःहून सैन्यात गेला. जर्मनीतल्या पुष्कळ ज्यूंनी तेव्हा तेच केलं. लढाईत त्याला आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. ऑक्टोबर १९१६ मध्ये याच सैन्याच्या युद्धखात्याने ज्यू सैनिकांची मोजणी करायचा हुकूम काढला, ते आघाडीवर जायचं टाळतात या संशयावरून. युद्ध चालू असेपर्यंत त्या मोजणीचे आकडे काही बाहेर आले नाहीत. स्ट्रुक तेव्हा त्याच सैन्याच्या गणवेशात होता.

युद्धकाळातली त्याची दोन कामं शेजारी शेजारी ठेवून बघावी लागतात.

पहिलं काम युद्धकैद्यांचं. बर्लिनमधून निघालेल्या या पुस्तकात स्ट्रुकचे शंभर लिथो आहेत आणि मजकूर फेलिक्स फॉन लुशान या मानववंशशास्त्रज्ञाचा. जर्मन छावण्यांत फ्रेंच, ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यांनी कुठून कुठून आणलेले सैनिक अडकले होते. शास्त्रज्ञांना तो आयता खजिनाच वाटला. कैदी उठून जाऊ शकत नाही. डोकी मोजली गेली, आवाज ध्वनिमुद्रित झाले, आणि चेहरे स्ट्रुकने काढले. चित्राखाली माणूस येतो तो वंशाचा किंवा प्रदेशाचा नमुना म्हणून.

हे फक्त जर्मनीत चाललं होतं असं कोणी समजू नये. विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या लोकांचे असेच 'प्रकार' फोटोंतून मांडले होते, मागे दुसरीकडचं दृश्य चिकटवून. त्यात बेने इस्राएलही आहेत. पुण्याच्या हगादेतल्या लुगड्यातल्या बाया आणि जॉन्सनचे बेने इस्राएल ही एकाच छोट्या समाजाची, दहाएक वर्षांच्या अंतराने झालेली चित्रं. एका ठिकाणी सणाची तयारी चाललीय, दुसऱ्या ठिकाणी कॅमेऱ्यासमोर रांग लागलीय.

दुसरं काम लिथुआनियाचं. १९१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जर्मन सैन्याने कोव्हनो, बियालिस्टोक, विल्ना ही शहरं घेतली आणि त्या सगळ्या मुलखावर 'ओबर ओस्ट' नावाचं लष्करी प्रशासन बसवलं. इथे लाखो ज्यू राहत होते, यिडिश ही आपली भाषा बोलणारे, प्रार्थनाघरांच्या आणि पाठशाळांच्या जुन्या जगातले. सैन्याला त्यांच्याशी बोलणारा माणूस हवा होता. स्ट्रुक आधी भाषांतराच्या कामात आला आणि पुढे ज्यूंच्या बाबी बघणारा अधिकारी झाला. या प्रशासनाच्या वृत्तपत्र विभागाने एक सात भाषांचा शब्दकोश काढला होता: जर्मन, पोलिश, रशियन, बेलारुशी, लिथुआनियन, लाटव्हियन आणि यिडिश. एकाच बाजारात सात भाषा चालणाऱ्या मुलखाचा हा अंदाज पुरे.

प्रशासन मऊ नव्हतं. धान्य, घोडे, भांडी जप्त होत होती. १९१६ च्या शरदापासून माणसं सक्तीच्या कामाला नेली जात होती. १९१७ मध्ये विल्नात उपासमार झाली. अशा वेळी गणवेशातला एक जर्मन अधिकारी वही आणि खडू घेऊन समोर बसतो. तो म्हणतो मीही ज्यू आहे. शब्बाथ पाळतो, हिब्रू वाचतो. समोरच्याने काय करावं? बसावं. तो बसतो.

१९१६ मध्ये लिथुआनिया, बेलारूस आणि कुरलँडच्या रेखाटनांचं एक पुस्तक आलं, हेर्बर्ट ऑयलनबेर्गच्या मजकुरासह. पण ज्यासाठी स्ट्रुक आज ओळखला जातो ते पुस्तक १९२० चं, 'पूर्वेकडच्या ज्यूंचा चेहरा'. त्यात स्ट्रुकचे पन्नास लिथो, आणि मजकूर आर्नोल्ड त्स्वाइग या लेखकाचा, जो स्वतः ओबर ओस्टच्या वृत्तपत्र विभागात होता. १९२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत चित्रं बावन्न झाली.

नाव बघा. चेहरा, एकवचनी. चित्रं पन्नास, चेहरा एक.

एक म्हातारा, जवळून

पुस्तकाच्या सुरुवातीच्या म्हाताऱ्याचं चित्र मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ ठेवतो. बाजूने काढलेला चेहरा. खडू दगडाच्या दाण्यावर आडवा फिरवलाय, म्हणून गालावरची सावली रेघांची नाही, रवाळ आहे. दाढीला मात्र खडूचं टोक लावलंय. नजर आपल्याकडे नाही.

त्स्वाइग या चित्रापासूनच बोलायला लागतो. हा म्हातारा माझ्यापासून नजर वळवून दूर बघतोय, आणि ते दूर म्हणजे निव्वळ काळ आहे, असं तो म्हणतो. चेहऱ्याची कड त्याला धबधब्यासारखी दाढीत उतरताना दिसते. लिखाण देखणं आहे आणि तिथून पुढे ते थांबतच नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यात त्स्वाइगला इतिहास दिसतो, संयम दिसतो, युरोपच्या पैशाच्या हव्यासाला नकार दिसतो, जर्मनीतल्या ज्यूंनी जे हरवलं ते सगळं दिसतं.

मला वाटतं, नजर वळवण्याचं एक साधं कारणही असू शकतं. मुलूख जिंकलेल्या सैन्याचा अधिकारी आपलं चित्र काढत असेल तर माणूस त्याच्या डोळ्याला डोळा देत नाही. पोलिसाने थांबवून चौकशी केली तर आपण कुठे बघतो, ते आठवा. त्स्वाइगला हे सुचलं नसेल असं नाही, तो हुशार माणूस होता. पण त्याला त्या चेहऱ्याकडून काहीतरी हवं होतं. बर्लिनच्या सुखवस्तू घरांतल्या ज्यू तरुणांना तेव्हा आपण कोण हा प्रश्न पडला होता, आणि विल्नातला दाढीवाला म्हातारा हे त्याचं उत्तर ठरलं. त्या म्हाताऱ्याला स्वतःचे प्रश्न होते, त्यांतला पहिला बहुतेक भाकरीचा.

स्ट्रुकची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा अभ्यास एकांगी होईल. पुस्तक कुठल्या वातावरणात आलं ते बघा. एप्रिल १९१८ मध्ये जर्मनीतल्या प्रशिया राज्याने पूर्वेकडच्या ज्यू मजुरांसाठी सरहद्द बंद केली. कारण दिलं टायफसचं, म्हणजे उवांचं. वर्तमानपत्रांत आणि व्यंगचित्रांत हा ज्यू म्हणजे नाक, गाठोडं आणि घाण. खुद्द जर्मनीतल्या पुष्कळ ज्यूंना या भावंडांची लाज वाटायची. अशा वेळी स्ट्रुकने एकही चेहरा हास्यास्पद केला नाही. पाणक्या, दुकानदार, पाठशाळेतला मुलगा, डोक्याला रुमाल बांधलेली बाई, सगळ्यांना त्याने हर्झलला दिला तोच उजेड दिला. हे काम कमी नाही. आणि कैद्यांच्या पुस्तकाशी तुलना केली तर इथे त्याचा हात मोकळा झालेला दिसतो: तिथे चेहरा नमुना म्हणून नीट दिसावा अशी अट होती, इथे अर्धा गाल अंधारात सोडायला त्याला भीती वाटत नाही.

पण नाव इथेही नाही. दुसरी सहीही नाही. म्हणूनच मी म्हणतो की स्ट्रुकच्या बाबतीत आदर कमी पडला नाही. कमी पडली ती उलट बोलण्याची सोय. फ्रॉईडला त्याने गोंडस केलं, फ्रॉईडने ते परत पाठवलं असतं तरी चाललं असतं. लिथुआनियातल्या लोकांनाही त्याने गोंडसच केलं, पवित्र केलं, आणि त्यावर 'माझा गाल एवढा खोल नाही हो' असं म्हणायला कोणी पुढे आलं नाही.

याकोब स्टाइनहार्टचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. स्ट्रुकचा हा विद्यार्थी त्याच युद्धात सैनिक म्हणून लिथुआनियात होता आणि तोही तिथल्या ज्यूंची चित्रं काढत होता. त्याचे पुढचे लाकडी ठशांचे छापे बघितले तर माणसं वाकडी, गल्ल्या तिरक्या, डोळे मोठाले. गुरूच्या छाप्यांत शांतता आहे, चेल्याच्या छाप्यांत धास्ती. मला चेला जास्त पटतो. पण लाकडात रेघ लांबट आणि कोनदार येतेच, थोडा मान त्या लाकडालाही द्यावा.

हैफा

१९२२ च्या अखेरीस स्ट्रुक बर्लिन सोडून पॅलेस्टाईनमधल्या हैफाला गेला. निघण्याआधीच्या त्या वर्षात रशियातून बर्लिनला आलेला एक चित्रकार त्याच्याकडे एचिंग शिकून गेला, मार्क शागाल. शागालने १९२३ मध्ये कासिरेरसाठी वीस छाप्यांचा 'माझं आयुष्य' हा संच केला. त्यात त्याचं गाव व्हितेब्स्क आहे, त्याचे आजोबा, आई-वडील, शिक्षक. त्याचं तंत्र स्ट्रुकचं आणि वागणूक अगदी उलटी: इथला म्हातारा 'पूर्वेकडचा ज्यू' नाही, आजोबा आहे. नातं लिहिलंय, म्हणून तो थट्टाही सहन करतो.

हैफात स्ट्रुकचं घर अलेक्झांडर बेअरवाल्डने बांधलं, ज्याने तिथल्या टेक्निऑन या तंत्रशिक्षण संस्थेची इमारत केली तोच हा वास्तुकार. घर आर्लोझोरोव्ह रस्त्यावर अजून उभं आहे आणि २०१३ पासून तिथे त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. इथल्या त्याच्या छाप्यांत ऑलिव्हची झाडं, कार्मेल डोंगराचा उतार, समुद्र येत राहतो. झाडं छान आहेत. त्यांना भांग नसतो.

१९३३ नंतर त्स्वाइगही हैफाला आला. तोवर त्याचे डोळे इतके गेले होते की वाचणं-लिहिणं दुसऱ्यांच्या मदतीने चालायचं. फ्रॉईडशी त्याचा पत्रव्यवहार मात्र फ्रॉईड १९३९ मध्ये जाईपर्यंत चालू राहिला. स्ट्रुक ११ जानेवारी १९४४ ला हैफातच वारला.

त्या पन्नास चेहऱ्यांच्या शहरांत १९४१ च्या जूनमध्ये पुन्हा जर्मन सैन्य आलं. २७ जूनला बियालिस्टोकचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, आत माणसं कोंडून पेटवलं गेलं. विल्नाजवळच्या पोनारीच्या जंगलात आणि कोव्हनोच्या नवव्या किल्ल्यात पुढचं हत्याकांड झालं. १९२० च्या पुस्तकाच्या शेवटी मुलांची चित्रं आहेत. ती मुलं तेव्हा तिशी-पस्तिशीची असणार. त्यामुळे या लिथोंकडे आता आपण फक्त चित्र म्हणून बघूच शकत नाही, आणि स्ट्रुकने चित्रात न घातलेलं ओझं आपण त्यावर घालतो. त्स्वाइगने तेच केलं होतं, वेगळ्या कारणाने.

मागच्या वर्षी वर्गात एका मुलीने विचारलं की या लिथोंतले चेहरे सरळ आहेत की उलटे, हे कसं ओळखायचं? मी म्हटलं, भांग बघ. तिने एकेक पान उलटलं. पुरुषांच्या डोक्यावर टोपी किंवा कॅप, बायकांच्या डोक्याला रुमाल. धर्मनिष्ठ ज्यू उघड्या डोक्याने बसत नाहीत, आणि लग्न झालेली बाई केस दाखवत नाही. मग ती पहिल्या म्हाताऱ्यावर परत आली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तो उलटा करून बघितला. तसाही तो दूरच बघत होता.